सीट मिळेनात म्हणून थेट स्टेडियमच उभं केलं! कोण होते बॅरिस्टर शेषराव वानखेडे?

डिसेंबर २०२१. वानखेडेवर तब्बल पाच वर्षांनी टेस्ट मॅच होणार होती. समोर न्यूझीलंड. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आयपीएलच्या मॅचेस रिकाम्या स्टँड्ससमोर झाल्या होत्या, त्यामुळं मुंबईकर आधीच उपाशी होता. राज्य सरकारनं परवानगी दिली, पण फक्त २५ टक्के प्रेक्षकांना. ३३ हजारांच्या आसपासचं स्टेडियम, म्हणजे साधारण आठ हजार लोकांचीच सोय. गिरगाव असो, दादर असो की परळ, ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय, कुणाच्या क्लबमधून पास निघतोय का?

ज्यांना जागा मिळाली त्यांनी मुंबईतच जन्मलेल्या एजाज पटेलला भारताच्या एका डावात दहाच्या दहा विकेट्स घेताना डोळ्यांनी पाहिलं. बाकीच्यांनी टीव्हीवर.

यातली गंमत अशी की, हे स्टेडियम मुळात उभंच राहिलं ते सीट पुरत नव्हत्या म्हणून. आणि ज्या माणसानं ते उभं केलं त्याचं नाव आपण रोज घेतो, पण तो कोण होता हे विचारलं तर बरेच जण गप्प होतात. काहींना तर ते जुने क्रिकेटर वाटतात.

तर, शेषराव कृष्णराव वानखेडे. जन्म २४ सप्टेंबर १९१४, नागपूरचा. शिक्षणानं बॅरिस्टर, त्यामुळं जुनी माणसं आजही त्यांना बॅरिस्टर वानखेडे म्हणतात. काँग्रेसच्या मुशीत घडलेले राजकारणी. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर विदर्भातल्या ज्या नेत्यांचं मुंबईत वजन तयार झालं, त्यातले ते एक. वसंतराव नाईकांच्या काळात मंत्री होते आणि १९७२ ला महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष झाले. १९७७ पर्यंत ते त्या खुर्चीत होते.

पण आपल्या कामाची खुर्ची वेगळी आहे. १९६३ साली वानखेडे बॉम्बे क्रिकेट असोसिएशनचे, म्हणजे आजच्या एमसीएचे अध्यक्ष झाले आणि शेवटपर्यंत राहिले. मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्या माणसांनी भरलेल्या या संघटनेवर एक नागपूरकर पंचवीस वर्षं बसला. आज असं काही झालं तर ट्विटरवर काय धुरळा उडेल, विचार करा.

आता भांडण समजून घ्यायचं तर थोडं मागं जावं लागेल.

मुंबईत टेस्ट मॅच तेव्हा चर्चगेटच्याच ब्रेबॉर्न स्टेडियमवर व्हायच्या. हे स्टेडियम १९३७ ला उघडलं. बॅक बेमध्ये भराव टाकून काढलेल्या जमिनीवर क्रिकेट क्लब ऑफ इंडियानं, म्हणजे सीसीआयनं ते बांधलं. देखणं, थाटाचं, आणि खासगी. मालक क्लब, त्यामुळं पहिला हक्क क्लबच्या मेंबर्सचा. त्यांच्या जागा बाजूला काढल्या की मग उरलेल्यांचा विचार.

सीटवरून राडा तर पहिल्याच वर्षी झाला होता. तेव्हा मुंबईत धर्मावर आधारलेल्या टीम्सची पंचरंगी स्पर्धा खेळली जायची. १९३७ ला ती नव्या ब्रेबॉर्नवर भरली, आणि आपल्या जिमखान्याच्या वाट्याला पुरेशा जागा आल्या नाहीत म्हणून हिंदूंच्या टीमनं स्पर्धेतूनच अंग काढून घेतलं. म्हणजे स्टेडियमचा रंग वाळायच्या आत तिकिटाचं भांडण सुरू.

तेच भांडण पुढे बीसीएच्या गळ्यात आलं. टेस्ट मॅच भरवायची जबाबदारी बीसीएची, पण मैदान सीसीआयचं. किती सीट द्यायच्या हे सीसीआय ठरवणार. बीसीए म्हणजे काय? तर शहरातल्या क्लब्सची संघटना. आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क, माटुंगा इथं तंबू ठोकून बसलेले क्लब. भर पावसात चिखलात कांगा लीग खेळणारे, ज्यांच्याकडे रोलर ओढायला माळी एकच असतो असे. गावस्कर, वाडेकर, सोलकर अशी माणसं याच वाटेनं वर आली. आणि टेस्ट मॅच आली की याच क्लब्सच्या सेक्रेटरींना पाससाठी हात पसरायला लागायचे.

शिवाय प्रश्न पैशाचाही होता. तेव्हा टीव्हीचे हक्क वगैरे प्रकार नव्हता. मुंबई दूरदर्शनच २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. क्रिकेटचा पैसा यायचा तो मुख्यतः गेटवरून. म्हणजे ज्याच्या हातात सीट, त्याच्या हातात तिजोरी.

त्यात १९७१ ला अजित वाडेकरच्या टीमनं आधी वेस्ट इंडिज आणि मग इंग्लंड, दोघांनाही त्यांच्या घरात जाऊन हरवलं. शिवाजी पार्कचा कॅप्टन, चिखलवाडीचा ओपनर. क्रिकेटचं वेड आधीही होतं, पण आता चाळीतल्या प्रत्येक पोराला वाटायला लागलं की ही आपली टीम आहे. गिरणीतली पाळी सांभाळून इराण्याच्या हॉटेलात रेडिओला कान लावणारा, पानाच्या टपरीवर खडूनं लिहिलेला स्कोअर वाचणारा माणूस आता मॅच बघायला मागत होता. स्टेडियम मात्र तेवढंच.

फेब्रुवारी १९७३ मध्ये ब्रेबॉर्नवर इंग्लंडची टेस्ट झाली. टोनी ग्रेगनं शतक ठोकलेल्या विश्वनाथला लहान बाळासारखं उचलून घेतलं, ती हीच मॅच. मैदानावर असं प्रेम चाललं होतं, पण मैदानाबाहेर बीसीए आणि सीसीआयचे संबंध पार तुटायला आले होते.

इथून पुढचा किस्सा मुंबईच्या क्रिकेट वर्तुळात बरंच तिखटमीठ लावून सांगितला जातो. आपण त्याचा सांगाडा तेवढा घेऊ. काही तरुण आमदार विधानसभेच्या अध्यक्षांकडे, म्हणजे वानखेडेंकडे गेले. त्यांना मदतीसाठी आमदारांची एक क्रिकेट मॅच भरवायची होती. वानखेडेंना कल्पना आवडली. ते सीसीआयचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्याकडे ब्रेबॉर्न मागायला गेले. मर्चंट म्हणजे साधं नाव नाही, भारताच्या सगळ्यात मोठ्या बॅट्समनपैकी एक. त्यांनी नकार दिला. वानखेडेंनी सांगितलं की मग आम्हाला आमचं स्टेडियम बांधावं लागेल.

हे ऐकलं की आपल्याला वाटतं, अपमान झाला आणि रागाच्या भरात स्टेडियम बांधलं. सिनेमाला बरं आहे ते. पण मला तरी हे अर्धंच कारण वाटतं. रागानं कोणी हजारो टन काँक्रीट ओतत नाही. दहा वर्षं क्लबवाल्यांची गाऱ्हाणी ऐकलेला अध्यक्ष, त्यालाच विधानसभेचं अध्यक्षपद मिळालेलं, मुख्यमंत्री ओळखीचे, सरकार आपलं. इतक्या गोष्टी एकाच वेळी पुन्हा जुळून आल्या नसत्या. वानखेडेंनी ती संधी ओळखली, हे त्यांचं खरं कसब.

जागा ठरली ती चर्चगेट आणि मरीन लाइन्स स्टेशनच्या मधली, रेल्वे रुळांना अगदी खेटून. ब्रेबॉर्नपासून चालत दहा-बारा मिनिटं. चिडवायला निवडल्यासारखी. आर्किटेक्ट होते शशी प्रभू, तेव्हा वयानं अगदी तरुण. ब्रेबॉर्नपेक्षा मोठं स्टेडियम बांधायचं होतं, जमीन त्या मानानं चिंचोळी, आणि मुदत पुढच्या टेस्ट सीझनची. काळ तर असा की महागाई आकाशाला भिडलेली, सिमेंटवर सरकारी नियंत्रण, मे १९७४ मध्ये देशभर रेल्वेचा संप. तरीही साधारण वर्ष-सव्वा वर्षात स्टेडियम उभं राहिलं. ज्या शहरात एक पूल व्हायला किती वर्षं लागतात हे आपल्याला माहितीये, तिथं हे झालं.

आणि पहिली मॅच काय मिळाली! जानेवारी १९७५, क्लाइव्ह लॉइडची वेस्ट इंडिज. पहिल्या दोन टेस्ट हरून भारत ०-२ नं मागं पडलेला. मग पतौडीच्या टीमनं कलकत्ता आणि मद्रास मारून २-२ केलं. म्हणजे पाचवी, निर्णायक टेस्ट मुंबईत आणि तीही कोऱ्या करकरीत स्टेडियमवर. मुंबईकरानं किती वाट पाहिली असेल याचा अंदाज करा. पूर्वी ज्यांना ब्रेबॉर्नची भिंत बाहेरूनच दिसायची, त्यातल्या कित्येकांना पहिल्यांदा आत बसायला मिळणार होतं.

२३ जानेवारीला मॅच सुरू झाली. पहिल्या दिवशी रॉय फ्रेडरिक्सनं शतक ठोकलं. मग लॉइड आला आणि त्यानं नाबाद २४२ कुटल्या. त्याचं द्विशतक झालं तेव्हा एक पोरगा त्याचं अभिनंदन करायला मैदानात धावला. पोलिसांनी त्याला पकडून चोप दिला. स्टँड्समधून हे सगळ्यांना दिसलं आणि पब्लिक पेटलं. तोडफोड झाली, खेळ थांबला. लोकांना हक्काची जागा देण्यासाठी बांधलेल्या स्टेडियमची सुरुवात एका प्रेक्षकाला बडवून झाली, हे बरं नाही दिसलं.

वेस्ट इंडिजनं ६ बाद ६०४ वर डाव सोडला. भारताकडून गावस्कर ८६, विश्वनाथ ९५ आणि एकनाथ सोलकर १०२. सोलकरची ही टेस्टमधली एकुलती एक सेंच्युरी. त्याचे वडील मरीन लाइन्सच्या हिंदू जिमखान्यावर माळी, घरही त्याच मैदानावर. तिथून वानखेडे चालत जाण्याच्या अंतरावर. भारत ही मॅच २०१ रन्सनी हरला, सिरीजही गेली. पतौडी आणि फारुख इंजिनिअर दोघांचीही ही शेवटची टेस्ट ठरली.

स्टेडियमला नाव मिळालं वानखेडेंचं. माणूस हयात, खुर्चीवर बसलेला, आणि त्याच्याच संस्थेच्या स्टेडियमला त्याचं नाव. हे तेव्हाही खटकण्यासारखं होतं आणि आजही आहे. घाईत बांधल्याच्या खुणाही राहिल्या. ब्रेबॉर्नला जो डौल होता, तो इथे कधीच आला नाही. नुसतं काँक्रीट, आत कोंडणारी उष्णता. पण टेस्ट क्रिकेट इकडे आलं ते आलंच. १९७३ नंतर ब्रेबॉर्नला पुढची टेस्ट मिळाली ती थेट डिसेंबर २००९ मध्ये, श्रीलंकेविरुद्ध. तीही वानखेडेचं नूतनीकरण चालू होतं म्हणून.

१९८० ते ८२ वानखेडे बीसीसीआयचे अध्यक्ष होते. त्यांच्यानंतर आले एन. के. पी. साळवे, तेही नागपूरचेच राजकारणी. १९८३ च्या फायनलला लॉर्ड्सवर जास्तीचे पास मागितले आणि मिळाले नाहीत, म्हणून साळवेंनी पुढचा वर्ल्ड कप भारत-पाकिस्तानात आणायचा चंग बांधला, असं सांगतात. नागपूरकराला पास नाकारू नये, एवढं या दोन गोष्टींवरून नक्की म्हणता येईल.

तो वर्ल्ड कप १९८७ ला आला आणि त्याची एक सेमीफायनल ५ नोव्हेंबरला वानखेडेवर झाली. ग्रॅहम गूचनं स्वीप मारून मारून ११५ काढल्या, भारत ३५ रन्सनी हरला, गावस्करची ही शेवटची वनडे ठरली. त्यानंतर तीन महिनेही उलटले नव्हते, तोच ३० जानेवारी १९८८ ला शेषराव वानखेडे गेले. तेव्हाही ते मुंबईच्या असोसिएशनचे अध्यक्ष होते.

नूतनीकरणात बकेट सीट्स आल्या, आराम वाढला, पण जागा कमी होऊन ३३ हजारांच्या घरात आल्या. २०११ च्या वर्ल्ड कप फायनलसाठी त्यातली फक्त चार हजारांच्या आसपास तिकिटं सामान्य लोकांना विकायला ठेवली होती. ऑनलाइन विक्री सुरू झाली आणि वेबसाइट झोपली. बाकीची तिकिटं आयसीसी, बीसीसीआय आणि सगळ्यात मोठा वाटा एमसीएच्या क्लब्सना. लोकांनी क्लब्सना शिव्या घातल्या. पण वानखेडेंची मूळ लढाई या क्लब्सच्याच वाट्यासाठी होती. कुठल्याच क्लबमध्ये नसलेला, गेटवर रांगेत उभा राहणारा लालबागचा माणूस त्या हिशोबात तेव्हाही शेवटीच होता.

आणि हो, पुढच्या वेळी तिकीट मिळालं तर स्टँड्सची नावं नीट वाचा. गावस्कर आहे, तेंडुलकर आहे, आणि एक स्टँड विजय मर्चंट यांच्या नावाचाही आहे.