जॉन लँडिस मेसन : पुन्हा भरता येणाऱ्या बरणीचा कारागीर

थोरांची चरित्रे म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे सेनापती, कवी, धाडसी प्रवासी किंवा साधुपुरुष उभे राहतात. पत्रा कापून डबे व नरसाळी करणाऱ्या कारागिराचे चरित्र लिहावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तथापि ज्याचे नाव अमेरिकेत आजही घरोघरी उच्चारले जाते, आणि हे एका माणसाचे नाव आहे याची उच्चारणाऱ्यास बहुधा आठवणही नसते, असा एक कारागीर एकोणिसाव्या शतकात होऊन गेला. त्याचे नाव जॉन लँडिस मेसन. आटे असलेल्या तोंडाच्या ज्या काचेच्या बरणीस तिकडे मेसन जार म्हणतात, ती याचीच कृती होय. आतील जिन्नस संपला तरी भांडे टाकून न देता ते पुन्हा भरावे, आणि एकाचे झाकण दुसऱ्यास बिनचूक बसावे, ही सोय आपण आज हात धुण्याच्या पातळ साबणाच्या बाटलीत सहज गृहीत धरतो. गृहिणीच्या फडताळात ही सोय ज्यांनी आणून ठेवली, त्यांत मेसनची गणना अगत्याने केली पाहिजे.

त्याचा जन्म १८३२ साली न्यू जर्सी प्रांतात, आज जेथे व्हाइनलंड नावाचे गाव आहे त्या भागात झाला. त्याच्या बाळपणाविषयी सांगण्याजोगे फारसे नाही, म्हणून आपण एकदम त्याच्या धंद्याकडे वळू. मोठा झाल्यावर तो पत्र्याच्या कामात शिरला आणि पुढे न्यूयॉर्क शहरी राहू लागला. पत्रा वाकवावा, कडा दुमडावी, झाळावी, झाकण घट्ट बसते की नाही ते बोटाने चाचपून पाहावे, हा त्याचा नित्यक्रम. बरणीचे कोडे त्याच्या हातून सुटले याचे कारण याच नित्यक्रमात आहे असे मला वाटते. काचेचे कारागीर बरणीच्या पोटाचा विचार करीत. झाकणाचा विचार करणारा माणूस पत्र्याच्या दुकानातच भेटायचा.

ते कोडे कोणते, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. उन्हाळ्यात पिकलेली फळे व भाज्या हिवाळ्यापर्यंत कशा टिकवाव्या, ही थंड मुलुखातील प्रत्येक घरची विवंचना होती. आपल्याकडे लोणच्याच्या बरणीस फडक्याचा दादरा बांधला तरी भागते, कारण तेल व मीठ आपले काम चोख करतात. परंतु नुसत्या पाण्यात किंवा पाकात उकडलेल्या फळास असा कोणी राखणदार नसतो. फ्रान्समधील निकोला अपेर या हलवायाने याची युक्ती शोधली होती. अन्न काचेच्या बाटलीत भरावे, बूच घट्ट बसवावे आणि बाटली उकळत्या पाण्यात ठेवावी, म्हणजे अन्न नासत नाही. या शोधाबद्दल त्याला १८१० साली फ्रेंच सरकारकडून १२,००० फ्रँक मिळाले. अन्न का नासत नाही, हे मात्र अपेरलाही ठाऊक नव्हते. ते पाश्चरच्या प्रयोगांनी पुढे कळले.

अपेरची बाटली घरी वापरणे मोठे जिकिरीचे होते. बूच, त्यावर लाख किंवा मेण, त्यावर तार. आणि उघडताना ही सारी सामग्री फुकट जायची. त्याच १८१० साली इंग्लंडात कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या डब्यांचे पेटंट घेतले गेले. हे डबे सैन्याच्या व जहाजांच्या कामी उत्तम ठरले. पण डबा एकदा छिन्नीहातोडीने फोडला की तो संपला. तो पुन्हा भरण्याचा प्रश्नच नव्हता. गृहिणीला हवे होते ते निराळेच: आतला माल डोळ्यांना दिसावा, झाकण हाताने उघडावे, भांडे धुवावे आणि पुढच्या वर्षी तेच भांडे पुन्हा भरावे.

आटे पाडलेले झाकण ही काही मेसनची मूळ कल्पना नव्हे. आटे असलेल्या बाटल्या त्याच्या आधीही निघाल्या होत्या, पण त्या गळत. याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. त्या काळी बरणी फुंकनळीने साच्यात फुंकून करीत आणि नंतर नळीपासून तोडून घेत. जेथे तोडली तेथे, म्हणजे नेमकी तोंडाच्या काठावर, कड ओबडधोबड राही. पुन्हा आटे थेट काठापर्यंत गेलेले असल्यामुळे झाकण कोठेच सपाट टेकत नसे. मेसनने दोन गोष्टी केल्या. आटे काठापासून थोडे खाली सुरू करून ते बरणीच्या खांद्यापर्यंत पोचण्याआधीच विरून जातील असा साचा त्याने योजला. आणि झाकणाने ओबडधोबड काठावर न टेकता, खाली उतरत जाऊन आपल्या खालच्या कडेने बरणीच्या गुळगुळीत खांद्यावर दाबून बसावे, अशी रचना त्याने केली. मध्ये एक वायसर ठेवला की हवेला वाट उरत नाही. उष्ण माल भरून झाकण लावले की थंड होताना आत पोकळी निर्माण होते आणि बाहेरची हवाच झाकण दाबून धरते.

युक्ती एवढीच. ऐकल्यावर ती इतकी साधी वाटते, की आपल्यालाही सुचली असती असा भ्रम होतो. ३० नोव्हेंबर १८५८ रोजी मेसनला तिचे २२,१८६ क्रमांकाचे पेटंट मिळाले. तेव्हा तो २६ वर्षांचा होता. गंमत अशी, की डबे उघडण्याच्या यंत्राचे अमेरिकेतील पहिले पेटंटही त्याच वर्षीच्या जानेवारीत एझ्रा वॉर्नर नावाच्या गृहस्थाने घेतले होते. एक जण डबा फोडण्याची सोय करीत होता आणि दुसरा तो न फोडता उघडण्याची.

येथपर्यंत सर्व मनासारखे झाले. पुढील भाग मात्र विद्यार्थ्यांनी, आणि त्यांच्या वडीलमंडळींनीही, लक्षपूर्वक वाचावा असा आहे. १८५८ चे पेटंट मुख्यत्वे बरणीच्या गळ्याचे व आट्यांचे होते. झाकण, वायसर व बरणी मिळून जी पूर्ण वस्तू होते, तिच्यात मेसनने पुढे सुधारणा केल्या. १८५९ च्या जून महिन्यात त्याने अशा सुधारलेल्या सुमारे दोन डझन बरण्या करविल्या आणि त्यांतील काही विकल्याही. त्यानंतर त्याने ही गोष्ट तशीच पडू दिली. मध्यंतरी देशात यादवी युद्ध पेटले व विझले. या सुधारणेच्या पेटंटसाठी त्याने अर्ज केला तो १८६८ च्या जानेवारीत, म्हणजे साडेआठ वर्षांनी! १८७० साली पेटंट मिळाले खरे; पण तोवर बाजारात तशाच बरण्या करणारे कितीतरी कारखानदार झाले होते.

मेसनचे हक्क पुढे न्यू जर्सीतील कन्सॉलिडेटेड फ्रूट जार कंपनीकडे गेले. तिने राइट नावाच्या प्रतिस्पर्ध्यावर फिर्याद केली आणि ती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचली. १८७६ च्या त्या खटल्यात कंपनी हरली. त्या वेळचा कायदा असा होता, की वस्तू विक्रीस काढल्यापासून दोन वर्षांच्या आत पेटंट मागितले पाहिजे. मुदत टळली की ती वस्तू सर्व जनतेची. १८५९ साली विकलेल्या त्या थोड्याशा बरण्याच मेसनच्या विरुद्ध साक्षीस उभ्या राहिल्या.

हा न्याय कठोर होता काय? कारागिराच्या बाजूने पाहिले तर मन हळहळते. ज्याने डोके चालविले, त्याच्या पदरी काय पडले? परंतु दुसरी बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. कित्येक वर्षे ज्या रीतीने सर्वांनी बरण्या केल्या व विकल्या, ती रीत एका दिवसात एकाच्या मालकीची करावी, हेही न्याय्य ठरले नसते. शिवाय, जर मेसनचा हक्क कडेकोट राहिला असता, तर प्रत्येक कारखानदाराने पेटंट चुकविण्यासाठी बरणीचे तोंड निराळे केले असते आणि एकाचे झाकण दुसऱ्याच्या बरणीस कधीच बसले नसते. मेसनचे नुकसान झाले म्हणून गृहिणीचे फडताळ सुधारले, असे म्हणणे निष्ठुर वाटले तरी ते खोटे नाही.

बरणीत पुढे इतरांनीही भर घातली. जस्ताच्या झाकणाचा स्पर्श अन्नास होऊन त्याची चव बिघडे. त्यावर लुइस बॉइड याने १८६९ साली झाकणाच्या आत काचेची चकती बसविण्याची युक्ती काढली. १८५८ चे मूळ पेटंट १४ वर्षांचे होते. त्यास ७ वर्षांची मुदतवाढ मिळाली आणि १८७९ साली तेही संपले. मग तर दरवाजा सताड उघडला. बॉल आडनावाच्या पाच भावांनी बफेलो शहरी काचेच्या बरण्या करण्यास आरंभ केला आणि पुढे इंडियाना प्रांतातील मन्सी येथे, जमिनीतून निघणाऱ्या ज्वलनशील वायूच्या आधाराने, आपला कारखाना थाटून त्या लाखांनी काढल्या. १९१५ साली अलेक्झांडर कर याने झाकणाचे दोन भाग केले: आटे असलेले कडे वर्षानुवर्षे वापरावे आणि वरची पातळ चकती तेवढी दर वेळी नवी घ्यावी. जे झिजते तेवढेच बदलावे आणि बाकीचे राखावे, हा विचार त्यात स्पष्ट दिसतो.

आता साबणाकडे येऊ, म्हणजे या जुन्या आट्यांचे महत्त्व अधिक ध्यानात येईल. पातळ साबणाचे पेटंट न्यूयॉर्कच्या विल्यम शेपर्ड याने १८६५ साली घेतले. त्याचा साबण काकवीसारखा दाट असे. पण घरोघरी वडीच राहिली, कारण पातळ साबण थोडाथोडा काढावा कसा, याची सोपी सोय नव्हती. ती सोय वर दाबण्याच्या पंपाने झाली. १९८० साली मिनेसोटा प्रांतातील मिनेटोंका नावाच्या कंपनीने पंपाच्या बाटलीत साबण विकण्यास काढला. मोठे कारखानदार आपली नक्कल करतील, हे तिच्या चालकास पक्के ठाऊक होते. साबणाचे पेटंट काही मिळण्याजोगे नव्हते. तेव्हा त्याने पंप करणाऱ्या कारखान्यांकडे एकदम दहा कोटी पंपांची मागणी नोंदवून टाकली, म्हणजे दुसऱ्या कोणास बराच काळ पंपच मिळू नयेत! मेसन साडेआठ वर्षे स्वस्थ बसला, आणि याने एक दिवसही दवडला नाही. या चातुर्याचे कौतुक करावे की नाही, हे वाचकांनी ठरवावे. मला स्वतःला सर्वांस बसणारे तोंड अधिक आवडते.

कारण भरून वापरण्याच्या बाटलीत खरी मेख तोंडाची व पंपाचीच असते. पंपाची नळी तळापासून केसभरच वर राहिली पाहिजे, नाहीतर शेवटचा साबण वाया जातो. साबण वर खेचला जाताना आत हवा शिरण्यास बारीक वाट हवी, नाहीतर पंप अडतो. झाकण लोखंडी पत्र्याचे असेल तर ते मोरीच्या ओलाव्याने गंजते. तोंड एवढे रुंद हवे, की भरताना सांडू नये आणि धुताना आत ब्रश जावा. भरणीच्या बाटलीचे तोंड व आटे वापरातल्या बाटलीसारखेच असले तर फारच उत्तम, कारण मग साबण एकीतून दुसरीत ओतावाच लागत नाही. पंप काढून सरळ दुसऱ्या बाटलीवर बसविता येतो. यात आरोग्याचाही प्रश्न आहे. उरलेल्या साबणावर नवा साबण ओतीत राहिले तर आत जंतू वाढू शकतात. म्हणून बाटली रिकामी करून, धुऊन, वाळवून मगच भरावी. मेसनच्या बरणीचे नेहमीचे तोंड आज सुमारे ७० मिलिमीटरचे असते, आणि त्याच आट्यांवर बसणारी पंपाची झाकणे बाजारात मिळतात. मुरंब्याची रिकामी बरणी त्यायोगे साबणाची होते. ओल्या हातातून काच निसटते, एवढा एक दोष मात्र तिच्यात आहे खरा.

मेसनचे अखेरचे दिवस सांगावयाचे राहिले. हक्क हातचे गेले, खटला बुडाला, पेटंटची मुदतही सरली. ज्या वस्तूने इतरांचे कारखाने उभे राहिले, तिच्यापासून त्याला वृद्धापकाळी आधार झाला नाही. १९०२ च्या फेब्रुवारीत, सत्तरीच्या घरात, न्यूयॉर्क शहरी तो दारिद्र्यात मरण पावला. त्या वर्षीही इतरांच्या कारखान्यांतून बरण्या निघत होत्या, आणि पेटंट संपून २३ वर्षे लोटली असताही त्यांच्या काचेवर, खरेदी करणाऱ्याची खात्री पटावी म्हणून, मेसनचे नाव व ३० नोव्हेंबर १८५८ ही तारीख उठावदार अक्षरांत ओतलेली असे.