सुरतेतले दादोबा

गेल्या महिन्यात इच्छापोरला भाचीकडे चार दिवस राहून आलो. सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. आता तेथे हिऱ्यांचा व्यापार आणि कारखाने आले आहेत. बडोद्याहून निघताना पिशवीत दादोबा पांडुरंगांचे आत्मचरित्र टाकले होते. अ. का. प्रियोळकरांनी ते १९४७ साली प्रसिद्ध केले. सुरतेच्या वेशीपाशी बसून ते पुन्हा वाचावे, असे फार दिवस मनात होते.

आपल्याकडच्या जुन्या घरांत दादोबा म्हणजे व्याकरण. १८३६ साली त्यांचे मराठी व्याकरण निघाले, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस. पुढे लोक त्यांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले. पण या गृहस्थाच्या आयुष्यातली मोठी घडामोड व्याकरणात नव्हे, सुरतेत झाली, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते.

तर्खडकरांचे हे वैश्य घराणे मूळचे वसईकडचे. दादोबांचा जन्म १८१४ सालचा, मुंबईतला. माळव्यात जावऱ्याच्या नवाबाचे शिक्षक, मग मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापक, आणि त्यानंतर सुरतेच्या इंग्रजी शाळेचे मुख्य, अशा नोकऱ्या त्यांनी केल्या. सुरतेचे वैभव तेव्हा ओसरले होते. १८३७ च्या आगीने शहराचा मोठा भाग जळाला आणि त्याच वर्षी तापीच्या पुराने उरलेसुरले बुडवले. अशा शहरात दादोबांना दुर्गाराम मेहताजी भेटले. दुर्गाराम नागर ब्राह्मण, गुजराती शाळेचे शिक्षक आणि विधवाविवाहाचे उघड पुरस्कर्ते. २२ जून १८४४ रोजी या मंडळींनी मानवधर्म सभा काढली. दादोबा, दुर्गाराम, दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास अशी पाचही नावे 'द'ने सुरू होणारी, म्हणून गावाने त्यांना पाच दद्दे म्हटले. थट्टा करण्यात सुरतकर पहिल्यापासून पटाईत!

सभा उघड्यावर भरे. ज्याला यायचे त्याने यावे, शंका विचारावी. दुर्गारामांनी मांत्रिकांना जाहीर आव्हान दिले, की सामर्थ्य असेल तर सर्वांसमक्ष दाखवा. त्याच वर्षीच्या ऑगस्टात मिठावरचा कर मणामागे आठ आण्यांचा एक रुपया झाला आणि सुरतेचे लोक रस्त्यावर आले. गाव इतके तापलेले असताना जातिभेदावर चारचौघांत बोलायला छाती लागे.

सभेच्या आधीच, १८४३ साली, दादोबांनी 'धर्मविवेचन' लिहून ठेवले होते. ईश्वर एक, मनुष्यमात्राची जात एक, प्रत्येकाला विचाराचे स्वातंत्र्य आणि सर्वांना विद्या, हे त्यातले सार. आज हे सपक वाटेल. त्या काळी यातले एक कलम पाळले तरी न्हाव्याने दाढी करायचे थांबवावे, मुलीचे लग्न अडावे, मर्तिकाला चार माणसे मिळू नयेत. ग्रंथ छापून निघाला तो १८६८ साली, आणि त्यावर दादोबांचे नाव नव्हते. लेखक म्हणून होता 'एक जगद्वासी आर्य'.

१८४६ मध्ये दादोबा मुंबईस परतले आणि सुरतेच्या सभेचा जोर ओसरला. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा निघाली. तिची प्रेरणा दादोबांची, पण रीत सुरतेच्या अगदी उलट. दारे बंद, नावे गुप्त. नव्या सभासदाने ख्रिस्त्याच्या भट्टीतला पाव खायचा, मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे, आणि तोंड पुसून घरी येऊन सोवळ्यातल्या पंक्तीला बसायचे. पुणे, नगर, रत्नागिरीपर्यंत तिच्या शाखा पोचल्या. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेली, आणि नावे फुटतील या भयानेच सभा विखुरली. पुढे १८६७ साली याच मंडळींतल्या काहींनी प्रार्थना समाज उघडपणे स्थापला. त्याचे पहिले अध्यक्ष दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम.

दादोबा दरम्यान नगरला डेप्युटी कलेक्टर झाले होते. तेथे भिल्लांचे बंड मोडल्याबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर केले. मनुष्यमात्राची जात एक म्हणणाऱ्याच्या नावामागे ही पदवी कायमची बसली. चरित्रकार हे मोठ्या अभिमानाने सांगतात. मला ते वाचताना दर वेळी अडखळायला होते. उतारवयात त्यांनी मोरोपंतांच्या 'केकावली'वर टीका लिहिली, स्वीडिश साधक स्वीडनबोर्गवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि १८८० साली 'पारमहंसिक ब्राह्मधर्म' प्रसिद्ध केला. १८८२ साली ते वारले.

त्यांना भित्रे म्हणावे, असे पूर्वी मला वाटे. आता जीभ उचलत नाही. याच भाचीने वीस वर्षांपूर्वी जातीबाहेर लग्न केले, तेव्हा घरात तिच्या बाजूने मत असणारा मी एकटा होतो. ते मत मी तिला पत्राने कळवले आणि पत्र कोणाला दाखवू नकोस, असेही बजावले. लग्नाला गेलो नाही. प्रकृतीचे कारण पुढे केले.

इच्छापोरच्या घरी तिसऱ्या दिवशी जेवताना तिचे सासरे दादोबांचे पुस्तक चाळत होते. म्हाताऱ्यांना मराठी जेमतेम वाचता येते. परमहंस सभेची हकीकत कोणत्या पानावर आहे, असे त्यांनी विचारले. त्या सभेच्या आधीच दादोबांचे आत्मचरित्र थांबते, तिची हकीकत त्यांनी स्वतः लिहिलीच नाही, असे मी सांगितले. भाचीने माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. ते पत्र अजून तिच्या कपाटात आहे, हे मला त्या रात्री कळले.