खानखानांचे पाणी

हिंदीच्या तासाला तुम्ही ज्या रहीमचे दोहे पाठ करता, ते रहीम म्हणजे आपल्या बुऱ्हाणपुरात अनेक वर्षे राहिलेले मोगल सेनापती अब्दुर्रहीम खानखाना.

त्यांचा जन्म १५५६ साली लाहोरला झाला. वडील बैरामखान हे अकबराचे पालक. १५६१ मध्ये गुजरातेतील पाटण येथे त्यांचा खून झाला, तेव्हा रहीम अवघे चार वर्षांचे होते. पुढे अकबरानेच त्यांना वाढवले. गुजरातच्या विजयानंतर त्यांना ‘खानखाना’ हा किताब मिळाला. बाबराचे आत्मचरित्र तुर्कीतून फारसीत त्यांनीच आणले.

दख्खनच्या मोहिमांमुळे त्यांचा मुक्काम बुऱ्हाणपुरात पडला. फौज आणि वस्ती वाढत होती. ताप्ती जवळ होती खरी, पण शत्रूने तिच्यात विष कालवले तर, अशी धास्ती होती असे सांगतात. १६१५ साली तबकुतुल अर्ज या फारसी भूगर्भतज्ज्ञाने सातपुड्याकडून जमिनीखालून येणारे झरे हेरले. ते अडवून बोगदा खणला आणि शंभरावर कुंड्या त्याला जोडल्या. बोगद्याला उतार असा बेताचा दिला की पाणी आपोआप शहराकडे चालावे. मोट नको, रहाट नको! कुंड्या म्हणजे उभ्या विहिरीच. त्यांतून हवा खेळते आणि गाळ काढायला माणूस उतरू शकतो. हाच आपला कुंडी भंडारा. ‘खुनी’ हे नाव ऐकून लहान मुले उगाच घाबरतात.

गंमत म्हणजे खानखानांचा शत्रू मलिक अंबर यानेही आजच्या छत्रपती संभाजीनगरला भुयारी नहर बांधली. त्याच अंबरच्या फौजांनी १६२० साली बुऱ्हाणपूरला वेढा घातला. त्यांत मराठे स्वारही होते.

खानखानांची अखेर सुखाची झाली नाही. १६१९ मध्ये मुलगा शहानवाजखान येथेच वारला. उतावळीकाठी त्याचा मकबरा आहे. शहाजहानच्या बंडात खानखाना गुंतले आणि दुसरा मुलगा दाराबखान मोगलांच्याच हातून मारला गेला. १६२७ साली दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांच्या कबरीचा संगमरवरही पुढे लोकांनी उपटून नेला.

कुंडी भंडारा २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आला. मात्र पाण्यातील चुन्याचे थर भिंतींवर चढत आहेत, काही कुंड्या बुजल्या आहेत, आणि आजूबाजूचे बोअर जसे खोल जातील तसे हे झरे आटणार.