बेल्स पाल्सीतले ‘बेल’ कोण होते?

तोंड एका बाजूला वाकडं झालेल्या पेशंटला मी बेल्स पाल्सी हे नाव सांगते, तेव्हा बरेच जण विचारतात, हे बेल म्हणजे काय? घंटा नाही आणि बेलाचं पानही नाही. ते एका सर्जनचं आडनाव आहे. तुमच्या जबड्याजवळ कधी ऑपरेशन होणार असेल, तर त्यांची गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे.

चार्ल्स बेल यांचा जन्म 1774 चा, स्कॉटलंडमधला. वडील धर्मोपदेशक होते, पण ते लवकर गेले. शरीररचना चार्ल्स मोठ्या भावाकडून, जॉनकडून शिकले. चित्रकलेत हात उत्तम होता. 1804 मध्ये ते लंडनला आले आणि दोनच वर्षांत चित्रकारांसाठी चेहऱ्यावरच्या भावांच्या शरीररचनेवर पुस्तक काढलं. 1815 मध्ये वॉटर्लूच्या लढाईनंतर ब्रुसेल्सला जाऊन त्यांनी जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या, त्यांच्या जखमांची चित्रंही काढली.

दोन नसा, दोन कामं

चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला दोन मोठ्या नसा येतात, पाचवी आणि सातवी. दोन्ही एकच काम करतात, असा तेव्हा समज होता. त्यामुळे चेहऱ्यात असह्य कळा येणाऱ्या रुग्णांची सातवी नस सर्जन कापत. कळा थांबत नसत, उलट अर्धा चेहरा लुळा पडे.

बेल यांनी गाढवाची सातवी नस कापून पाहिली. हालचाल गेली, स्पर्श कळत राहिला. पाचवी कापल्यावर स्पर्श गेला. 1821 मध्ये त्यांनी हे रॉयल सोसायटीपुढे मांडलं. पुढे माणसांतही तेच दिसलं. एकाच्या कानापुढे गळू झालं होतं, तर दुसऱ्याच्या जबड्याच्या कोनाखाली बैलाचं शिंग घुसलं होतं. दोघांचाही अर्धा चेहरा हलेना.

बेल चुकलेही. ओठ हलवण्यात पाचव्या नसेचा भाग आहे, असं त्यांना वाटलं. गाढवाला दाणे उचलता येत नव्हते ते स्पर्श गेल्यामुळे, हे हर्बर्ट मेयो यांनी दाखवलं. 1831 मध्ये बेल ‘सर’ झाले, 1836 मध्ये एडिंबरोला प्राध्यापक म्हणून परतले आणि 1842 मध्ये वारले.

जबड्याखालची नाजूक फांदी

सातवी नस कानाखाली कवटीतून बाहेर येते, लाळग्रंथीत शिरते आणि तिच्या पाच मुख्य फांद्या होतात. त्यांपैकी मार्जिनल मँडिब्युलर ही फांदी जबड्याच्या खालच्या कडेने जाते आणि खालचा ओठ खाली ओढते. 1962 मध्ये डिंगमन आणि ग्रॅब यांनी मृतदेहांचे 100 अर्धे चेहरे तपासले. 19 टक्के चेहऱ्यांत ही फांदी जबड्यावरच्या धमनीच्या मागच्या भागात कडेच्या खाली उतरलेली होती. म्हणूनच जबड्याखालची लाळग्रंथी काढताना किंवा मोडलेला जबडा जोडताना सर्जन चीर कडेवर देत नाहीत, साधारण दोन बोटं खाली देतात.

या फांदीला धक्का बसला तर हसताना त्या बाजूचा खालचा ओठ खाली जात नाही आणि हसू तिरकं दिसतं. नस नुसती ताणली गेली असेल तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बहुधा सुधारते. कापली गेली असेल तर आपोआप सुधारणं कठीण. संमतीपत्रावर सही करण्याआधी सर्जनना याबद्दल जरूर विचारा. आरशात हसून खालचे दात दाखवताना एक फोटोही काढून ठेवा. नंतर तुलना करता येते.

अचानक तोंड वाकडं झालं तर

घरी मालिश करत बसू नका, ताबडतोब हॉस्पिटल गाठा. तो मेंदूचा झटकाही असू शकतो. बेल्स पाल्सी असेल तर स्टिरॉइडच्या गोळ्या पहिल्या 72 तासांत सुरू झाल्या तर जास्त फायदा होतो. पापणी मिटत नसेल तर डोळा कोरडा पडू देऊ नका. यातले बहुतेक पेशंट बरे होतात.