बुलबुलतरंगाचे जनक गोरो मोरिता

श्रीगणरायाची मिरवणूक निघाली की मुंबईत आणि कोकणात ढोलताशांच्या जोडीला बेंजोचे सूर कानी पडतात. गोल, चामड्याने मढविलेल्या तोंडाचा अमेरिकेतील बँजो तो हा नव्हे. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि टंकलेखन यंत्रासारखी बटणे असलेले हे वाद्य म्हणजे बुलबुलतरंगच होय. त्याचा उगम जपानातला. ते घडविणाऱ्या गोरो मोरिता यांचे नाव मात्र आपल्याकडे क्वचितच घेतले जाते.

मोरिता यांचा जन्म १८७४ साली नागोया शहराच्या ओसू भागात झाला. हा परिसर कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, प्रसिद्ध मंदिराभोवती वसलेला आहे. ज्या देशात आपली सरस्वती बेंझाइतेन या नावाने हाती वाद्य घेऊन पूजिली जाते आणि गजाननही कांगितेन या रूपाने देवळांत विराजमान आहे, तेथील एका क्षेत्राच्या सावलीत हा वादक वाढला, हे भाविकांना आवर्जून सांगावेसे वाटते.

जपानात निगेनकिन नावाचे दोन तारांचे वाद्य आहे. त्याचा याकुमोगोतो हा प्रकार एकोणिसाव्या शतकात देवापुढे वाजविण्यासाठीच निर्माण झाला. दोन्ही तारा एकाच स्वरात लावावयाच्या आणि डाव्या बोटात घातलेली नळी तारांवरून सरकवीत स्वर काढावयाचा, अशी त्याची रीत. घसरत जाणारा तो नाद मोठा गोड. परंतु स्वराची नेमकी जागा कानाने हेरावी लागते, आणि ते वर्षानुवर्षांच्या साधनेवाचून साधत नाही.

युरोप-अमेरिकेच्या प्रवासात मोरिता यांच्या दृष्टीस टंकलेखन यंत्र पडले. एक कळ दाबली की एकच अक्षर उमटते. मग एका कळीने एकच स्वर का उमटू नये? १९१२ साली त्यांनी निगेनकिनवर कळींची ओळ बसविली. डाव्या हाताने कळ दाबावी, म्हणजे तार खालच्या पडद्यावर टेकते. उजव्या हातातील नखीने ती छेडावी. कळींवर आकडे घालता येत असल्याने स्वरलिपी न जाणणाऱ्यालाही आकड्यांवरून गाणे वाजविता येऊ लागले. त्याच वर्षी जपानात तैशो हे नवे राजयुग सुरू झाले होते. त्यावरून वाद्य तैशोगोतो म्हणून ओळखले गेले आणि घरोघरी पोहोचले.

या सोयीचे मोल मोरिता यांना द्यावे लागले. निगेनकिनचा प्राण असलेली ती घसरण, आपण जिला मींड म्हणतो, कळींखाली जवळजवळ लोपली. संवादिनीवर आपल्या जाणकारांनी घेतलेला आक्षेप हाच नव्हे काय? तो खोटा म्हणता येत नाही. तरीही ज्याला गुरू लाभला नाही आणि महाग वाद्य परवडले नाही, त्याच्या हाती सूर आला तो या तडजोडीमुळेच.

मोरिता १९५२ साली निवर्तले. तोवर त्यांचे वाद्य सागर ओलांडून दूरवर गेले होते. बलुचिस्तानात ते बेंजू झाले, भारतात बुलबुलतरंग. आपल्या कारागिरांनी त्याला अखंड षड्ज देणाऱ्या तारा जोडल्या, आणि पुढे ताशांच्या गजरातही सूर ऐकू यावा म्हणून विजेच्या ध्वनिवर्धकाची जोड दिली.