खाणीतल्या थरांत रमलेले धर्मगुरू

१० एप्रिल १९५५ रोजी, पुनरुत्थान रविवारीच, न्यूयॉर्क येथे एका येशूसंघीय धर्मगुरूंनी देह ठेवला. फादर पिएर तेयार द शार्दां हे त्यांचे नाव. त्यांचे बरेचसे आयुष्य खाणींत आणि खडीच्या खड्ड्यांत जीवाश्म शोधण्यात गेले.

फ्रान्समध्ये १ मे १८८१ रोजी जन्मलेले तेयार १८९९ साली येशूसंघात दाखल झाले. ईशज्ञानाच्या अभ्यासासाठी ते इंग्लंडमधील हेस्टिंग्ज येथे राहिले व १९११ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. तेथील एका दगडखाणीत १९०९ साली चार्ल्स डॉसन या हौशी संशोधकाशी त्यांची गाठ पडली. पिल्टडाऊनच्या खडीच्या खड्ड्यात आदिमानवाची कवटी सापडल्याचे १९१२ मध्ये जाहीर झाले. पुढल्या वर्षी तेथेच फादरांना एक सुळा मिळाला. चाळीस वर्षांनी, १९५३ साली, सत्य उघडकीस आले : कवटी माणसाची, जबडा ओरांगउटानाचा आणि दात घासून रंगविलेले! पुढे काहींनी फादरांवरही संशय घेतला. २०१६ च्या संशोधनाने मात्र तो डॉसन यांच्यावरच आणून ठेवला.

पहिल्या महायुद्धात त्यांनी जखमी सैनिकांचे स्ट्रेचर वाहिले. पुढे आदिपापावरील एका टिपणामुळे वरिष्ठांनी त्यांना पॅरिसच्या अध्यापनातून दूर केले आणि १९२६ साली ते पुन्हा चीनला गेले. बीजिंगजवळील झोउकोउदियनच्या चुनखडीच्या खाणीत २ डिसेंबर १९२९ रोजी पेइ वेन्झोंग यांना आदिमानवाची कवटी सापडली. तेथील भूगर्भशास्त्रीय कामाचे फादर हे सल्लागार होते. एकटे हाड फसवू शकते. ते कोणत्या थरात, कोणत्या प्राण्यांच्या अवशेषांसोबत मिळाले हे पाहूनच त्याचे वय ठरवावे लागते. १९३५ साली ते भारतात आले व नर्मदाखोऱ्यातील थरांचाही त्यांनी अभ्यास केला.

त्यांचे चिंतनपर ग्रंथ छापण्यास हयातीत अनुमती मिळाली नाही. ते दुःख सोसूनही त्यांनी येशूसंघ सोडला नाही. मरणोत्तर ते ग्रंथ प्रसिद्ध झाले. १९६२ साली रोमहून त्यांविषयी सावधगिरीची सूचनाही निघाली. पुढे २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी आपल्या परिपत्रकाच्या तळटीपेत त्यांच्या योगदानाचा उल्लेख केला.

त्यांची सर्वच मते आम्हांस पटतात असे नाही. परंतु सृष्टीचे सत्य शोधल्याने श्रद्धेला धक्का लागतो असे मानणाऱ्यांनी हे चरित्र अवश्य अभ्यासावे, असे आम्हांस मनापासून वाटते.