दोन भारांचा प्रोटॉन: होमी भाभांचं ते भाकीत, जे फारसं कुणाला माहीत नाही

चाकणच्या ट्रॅफिकमधून सुटून नाशिक रस्त्याला लागलं की नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या अवाढव्य डिश दिसतात. जीएमआरटी ही दुर्बीण टीआयएफआर या संस्थेची, आणि संस्थेचे संस्थापक होमी भाभा. भाभा म्हटलं की आपल्याला अणुऊर्जा, ट्रॉम्बे आणि विमान अपघात आठवतो. त्याआधीचे भाभा मात्र मागे पडले.

३० ऑक्टोबर १९०९ ला मुंबईच्या पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आत्या मेहरबाई या दोराबजी टाटांच्या पत्नी. त्यामुळे पोराने केंब्रिजला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचं आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हायचं, असं घरच्यांनी ठरवून टाकलेलं. पोराला ओढ गणित आणि भौतिकशास्त्राची. (पिंपरी-चिंचवडमधल्या कित्येक घरांत हा वाद आजही चालतो.) वडिलांनी तोडगा काढला: आधी इंजिनिअरिंगमध्ये फर्स्ट क्लास आण, मग गणिताचा खर्च मी करतो. १९३० मध्ये भाभांनी फर्स्ट क्लास आणला.

१९३९ मध्ये ते सुट्टीला भारतात आले आणि महायुद्ध पेटलं. परत जाता येईना, म्हणून ते बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये रीडर झाले.

तिथे त्यांनी एका कोड्याला हात घातला. अणुकेंद्राला बांधून ठेवणारं बल मेसॉन नावाच्या कणांमुळे तयार होतं, असं जपानच्या युकावांनी १९३५ मध्ये मांडलं होतं. गणित सांगत होतं की हे मेसॉन प्रोटॉनवर आदळून जोरात विखुरले पाहिजेत. पण वैश्विक किरणांतून येणारे, मेसॉन समजले जाणारे कण जाड शिशातूनही आरपार जात होते.

भाभांनी वेगळा विचार केला. धन भाराचा मेसॉन प्रोटॉनने गिळला, तर एकूण भार दोन होतो. असा कण नसतोच, म्हणून ही वाट गणितातून वगळलेली होती. ती उघडली तर दोन वाटांचे परिणाम एकमेकांना खोडतात आणि विखुरणं कमी होतं. म्हणजे दुप्पट भाराचा प्रोटॉन असायला हवा! १९४० मध्ये इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात आणि १९४१ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू'मध्ये त्यांनी हे मांडलं. त्याच सुमारास वॉल्टर हाइटलर यांनीही अशीच कल्पना मांडली.

गंमत पुढे आहे. १९४७ मध्ये कळलं की शिशातून जाणारे ते कण युकावांचे मेसॉन नव्हतेच. ते म्युऑन होते आणि त्यांच्यावर हे बल चालतच नाही. थोडक्यात, भाभांचा धागाच चुकीचा होता. तरीही १९५२ च्या सुमारास शिकागोत एन्रिको फर्मींच्या गटाने खऱ्या मेसॉनचा, म्हणजे पायॉनचा, मारा प्रोटॉनवर केला आणि दोन भारांच्या अवस्थेची चिन्हं दिसली. आज तिला डेल्टा म्हणतात. भाभांच्या सिद्धांतात कितीही पूर्णांकी भार चालत होता. निसर्ग दोनवर थांबला.

तोवर भाभा या संशोधनातून बाहेर पडत चालले होते. मार्च १९४४ मध्ये त्यांनी दोराबजी टाटा ट्रस्टला संस्थेसाठी पत्र लिहिलं, १९४५ मध्ये टीआयएफआर सुरू झाली आणि १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोगाचं अध्यक्षपद आलं. देशाला संस्था मिळाल्या, पण ऐन भरात असलेला एक संशोधक फायलींमध्ये गेला. हा सौदा स्वस्त नव्हता.

१९६४ मध्ये क्वार्कची कल्पना आली. 'अप' क्वार्कचा भार दोन तृतीयांश, तीन मिळून दोन. हाच तो डेल्टा. पण तीन सारखे क्वार्क एकाच अवस्थेत राहणं नियमात बसेना, म्हणून त्यांना 'रंग' हा नवा गुणधर्म द्यावा लागला. रंगांची बेरीज 'बेरंग' झाली की कण जमतो. या हिशोबात तीन क्वार्क बसतात, तसे चार आणि पाचही बसतात.

२४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाचं विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँवर कोसळलं. त्यात भाभा होते, वय ५६.

चार क्वार्कांचा मानला जाणारा एक्स(३८७२) हा कण २००३ मध्ये जपानच्या 'बेल' प्रयोगात सापडला. या प्रयोगात टीआयएफआरही सहभागी होती. पाच क्वार्कांचे कण २०१५ मध्ये सर्नमध्ये दिसले. असे आणखी कोणते कण बनू शकतात, याची गणितं भाभांच्या कुलाब्यातल्या संस्थेत आता सुपरकॉम्प्युटरवर चालतात.